दीड टन

नवतपाच्या तिसऱ्या रात्री एसीनं मान टाकली.
आधी खरखरला, मग एक लांब सुस्कारा,
मग नुसतीच कोमट हवा.
चौदा वर्षं झाली होती. तक्रार करायला तोंड नव्हतं.

हे म्हणाले, आता दोन टनाचाच घेऊ.
यांचं सगळं वाढत्या अंगाचं.
चपला एक नंबर मोठ्या,
दोघांच्या वरणाला सात लिटरचा कुकर,
मयूरीच्या लग्नातली बुंदी गल्लीत आठ दिवस वाटत होतो.
मी म्हटलं, एक टन पुरे. दोनच तर जीव.
जुना कूलर ओढून आणला, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या,
आणि एक नि दोनच्या मध्ये रात्रभर भांडलो.
पहाटे तीनला टाकीतलं पाणी संपलं,
तेव्हा गप्प झालो.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मुलगी आली,
दुपारी चारला, म्हणे मुद्दामच चारला.
तोंडाला दुपट्टा, खांद्यावर बॅग, आयटीआय केलेली,
प्रांजली वासनिक.
यांनी विचारलं, कोणी मोठं माणूस नाही आलं?
ती म्हणाली, मोजाले मीच येते, काका.

बारा बाय चौदा.
वर काय आहे? स्लॅब.
स्लॅबवर? सूर्य.
खिडकी एकच? टीव्ही इथंच असते?
मग तिनं पश्चिमेच्या भिंतीवर तळवा ठेवला,
लेकराचा ताप पाहावा तसा,
आणि चटकन काढला.

झोपता किती जण?

मे महिन्यात हे घर एका खोलीचं होत असे.
गाद्या भिंतीपासून भिंतीपर्यंत,
नणंदेची दोन पोरं भंडाऱ्याहून आलेली,
मयूरी, नीलय, आम्ही दोघं,
कोणाची टाच कोणाच्या कानात,
दार उघडलं की सहा तोंडांनी एकच आरडा:
दार लावा!

दोन, मी म्हटलं.
तिनं लिहिलं. मी पाहत होते,
दोन लिहायला तिला अजिबात वेळ लागला नाही.

हे खूश नाहीत. मी जिंकत होते.
तेवढ्यात ती खिडकीत वाकली:
हा बुंधा कशाचा?
करंजाचा.
कधी तोडला?
रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा. दोन वर्षं झाली.
तिनं पुन्हा पेन काढलं.

काका, टन म्हणजे मशीनचं वजन नाही.
एक टन बर्फ दिवसभरात विरघळाले जेवढी गरमी लागते,
तेवढी खोलीतून बाहेर फेकायची.
दोन टनाचा घेतला तं खोली झटक्यात गार होईल,
मशीन थांबेल, चालू होईल, थांबेल,
अन् श्रावणात अंग चिकट ते चिकटच.
एक टनाचा घेतला तं बिचारा दिवसभर धावेल
अन् पोहोचणार नाही कुठंच.

मग तिनं हिशेब मांडला.
माणसं चार वजा.
झाड एक, अधिक.
उत्तर आलं दीड.
जेवढा होता, तेवढाच.

आम्ही दोघंही हरलो, म्हणून चहा केला.
तिनं तो बशीत ओतून प्यायला.
जाताना म्हणाली, गच्चीवर चुना मारा,
भिंतीला बाहेरून काही सावली करा,
दहा वर्षांनी पुढचा घ्याल तेव्हा
एक टनात भागेल, काकू.
दहा वर्षं. किती सहज बोलली.
यांनी बोटांवर वय मोजलं, आणि हात खिशात घातला.

आता नवा एसी एका सुरात चालतो.
त्याच्या पाण्याची नळी हे स्वतः ओढून
बुंध्याशेजारच्या आळ्यात सोडून आले.
रात्री मी थंडाव्यात पडून
बाहेर थेंब मोजते.
करंजाला चार पानं आली होती.
एक कोणाच्या तरी बकरीनं खाल्लं.